सुमनमावशीच्या ताटातली भाकर

मी आज धडधाकट बसून बोलतोय त्यात सुमनमावशीचा वाटा मोठा, हे आधी लिहून घ्या. मी शिरपूरकडचा, आमच्या घरातला पहिला बीएस्सी. नव्वद सालानंतर सुरतेजवळच्या सचिन गावी रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो आणि जेवायला मावशीच्या खानावळीत, नात्यातली नाही हो, पण सगळ्या खानदेशी कारागिरांची ती मावशीच.

काय सांगू तुम्हाला, माझं ताट वेगळं असायचं. बारीक चाळलेल्या पिठाच्या पांढऱ्या पोळ्या, शेवभाजीवर तर्रीचा जादा डाव, वर भजी. आणि ती स्वतः मागे चुलीजवळ कळण्याची भाकर खायची, ज्वारी आणि सालासकट उडीद दळलेली, त्यात माझ्या पिठाचा चाळून उरलेला कोंडा. मी म्हणायचो, मावशी, मलाही द्या, तर म्हणे, बीएस्सीवाल्याले कोंडा देऊ का भो, लोक काय म्हनतीन? शेजारी जेवणारा, कापडाच्या लूमवरचा भिका म्हणायचा, साहेब, तर्रीत तोंड दिसतंय, भांग पाडून घ्या!

मग शौचाला रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणालो, पण काका आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले, झोप उडाली. डॉक्टरांनी नळीतून पाहिलं, छोटी गाठ होती, काढली. कॅन्सर नव्हता, पण तशी गाठ पुढे बिघडू शकते म्हणाले. काय खातोस विचारलं, मी ऐटीत सांगितलं, तर हसायला लागले. म्हणाले, रोज एवढं तेलकट-तळकट नको, कोंड्यासकट धान्य, डाळी, भाज्या खा, चोथ्यानं पोट साफ राहतं. हमी कुणी देत नाही, पण धोका कमी होतो. तपासायला मात्र येत जा.

आनंदानं गावी विश्रांतीला गेलो, पण एकच घोर, मावशीला सांगू कसं? तिची माया तर त्या तर्रीतच. समोर बोललो तर अन्नाला नावं ठेवतो असं वाटायचं तिला. म्हणून पत्र लिहिलं, तिची मुलगी वाचून दाखवायची. आता तिथं सगळ्यांनाच कळण्याची भाकर असते, भिका तर मागून घेतो. ते पत्र मला पाठ आहे, ऐका.

सुमनमावशीस नमस्कार. गाठ निघाली, मी ठणठणीत आहे. डॉक्टरांनी जे खायला सांगितलंय ते अख्ख्या सुरतेत मला एकाच ताटात दिसलं, तुमच्या. सोमवारी येतोय. आता साहेबाचं ताट नको, घरच्या माणसाचं वाढा. कोंड्याची एक भाकर जास्त टाका, आपण दोघं चुलीजवळ बसून जेवू. तुमचा, रामदास.