आधी आर्म ठरूंदेत!

...नाही, पण मला सांगा, गाडी कशाला असते? माणसं आणायला! आता मला काही वाटत नाही म्हणा, पण तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या मितेशनं, म्हणजे चिरंजीवांनी, चांगली उंच चालणारी गाडी स्प्रिंगा बदलून चार बोटं खाली बसवली. का? तर "बाबा, लूक!" अरे, लूक बघणार कोण? वाटेवरच्या म्हशी? बरं, गाडी बसली ती बसली, पुढची चाकं वरून आत कलली आणि नवे टायर आतल्या अंगानं खाऊन साफ! मग आमचा गॅरेजवाला बाबली गाडीखाली निजून म्हणतो, "भिकाजीनू, लोअर आर्म बदलूक व्हये." लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा दांडा. मितेशला हवा लांबी कमी-जास्त करता येणारा, म्हणजे चाक ओढून सरळ करता येतं. आण म्हटलं! पण आण म्हटलं की आणलं, असं कुठे असतं?

इकडे आमची दिव्या रेडीला सासरी, सातवा सरलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आणि मी शहाणा, व्याह्यांना छाती काढून सांगून बसलो, भाड्याची गाडी नको, पोरीला आमच्याच गाडीतून नेणार! मागच्या सीटवर तिच्या पाठीला उशीसुद्धा ठेवली. रोज तिचा फोन, "बाबा, कधी येतास?" मी मितेशकडे बघायचो, मितेश मोबाइलकडे. म्हणायचा, "आधी आर्म ठरूंदेत!"

आता आर्म दोन तऱ्हेचे. एक होते लाल. हलके, देखणे, सांध्याला उघडा लोखंडी गोळा. चाक तसूभर हलत नाही, पण रस्त्यातला खडा न् खडा बुडाला कळतो, आणि आपली ही खारी हवा... एका पावसाळ्यात खडखडणार! दुसरे काळे. जड, सांध्यात रबराचे बुश बसवलेले, मुकाट चालणारे. पण मितेश नाक मुरडतो, "टेम्पोचे दिसतत!" बाबली सकाळी काळ्यांच्या बाजूनं, दुपारी मितेशनं व्हिडिओ दाखवला की लालांच्या बाजूनं. तुम्हाला सांगतो, दिव्याला स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती आम्ही! आता मला काही वाटत नाही, पण तेव्हा डोकं उठलं. म्हटलं, चला, देवाक कौल लावया.

हसू नका! गावात विहीर खणायची तर कौल, लग्न ठरवायचं तर कौल, मग आर्मनं काय घोडं मारलंय? परशुराम गुरवानं देवाला पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू भिकाजी तुझ्या पायाकडे इला हा! तेच्या गाडयेक लाल... काय ता रे मितेश? हां, लाल आर्म घालूचे असतीत तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" टपकन उजवी पाकळी पडली. मितेश उडालाच! पण माझा जीव राहीना, म्हटलं, काळ्यांचंही विचार. विचारलं. पुन्हा उजवीच! मी गुरवाकडे बघतो, गुरव देवाकडे बघतो. म्हणतो, "देव दोनांकय हो म्हणता. आता मधी मी काय बोलू?" परत आठ दिवस मोबाइल!

मागवले शेवटी लालच. बाबलीनं उत्साहानं जुने काढून ठेवले, गाडी घरापुढच्या खळ्यात जॅकवर, आणि पार्सल उघडलं तर आत दोन्ही डावे! हो, दोन्ही डावे! परत पाठव, उजव्याची वाट बघ... जुने पुन्हा बसवावेत तर बुश काढतानाच फाटलेले. आणि फोन, "बाबा, येतास मा?" म्हटलं, येतो गो बाय, आज-उद्या येतो. भाड्याची गाडी करायची ना, असं तुम्ही म्हणणार. शेवटी केलीच हो! गाडीवाला दारात, मी पायात चप्पल घालतोय, तोवर व्याह्यांचा फोन, "डॉक्टर नको म्हणतत. आता हलवूक नको तिका." चप्पल काढली. दिव्या रेडीलाच बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आनंदच आहे. मला काही वाटत नाही.

मग आला उजवा. गाडी सरळ झाली, टायर नवे, गेलो आम्ही बापलेक नात बघायला. दिव्या बाळ माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाबा, वाट बघलंय मी." एवढंच.

परतीच्या वाटेवर गाडी कुठेच खाली घासली नाही. चिरंजीव खूश. आरशातून मागच्या सीटकडे बघतो, उशी तिथेच, आणि म्हणतो, "बघितलात बाबा? मागे कोण नसला ना, की काय मस्त चालता गाडी!"

मी म्हटलं, व्हय म्हाराजा.