पेटीतला नर

—आ करा. सूप गार होतंय. ऐकू येतंय ना, अहो? येतंय, चांगलं येतंय — झटक्यानं वाचा गेलीय, कान शाबूत आहेत, डॉक्टरच म्हणाले. म्हणाले, बाई, हाका मारत राहा, ओळखीच्या आवाजाला माणूस मान वळवतो. मला सांगतात! जन्म गेला माझा त्या खडकावर तुमची आवाजाची पेटी वाहण्यात — हजारो समुद्रपाखरं, नुसता कलकलाट, डोक्यावर शिटांचा पाऊस, आणि साहेबांचा अभ्यास! समुद्रावरून नर परतला, ओरडला, की तेवढ्या गर्दीत त्याचीच मादी मान उंचावणार — शेजारीण ढिम्म. काय कौतुक होतं तुम्हाला त्याचं! आणि ती एक आठवते? नर मेला होता तिचा. तुम्ही त्याचा आवाज आधीच भरून ठेवलेला, तो लावलात पेटीवर — आली बिचारी अंडं टाकून, पेटीभोवती फिरतेय, साद घालतेय, आणि मागे दुसऱ्याच पाखरानं अंडं फोडून खाल्लं. मी म्हटलं, अहो, बंद करा ते. तुम्ही काय म्हणालात? "थांब गं, पुन्हा एकदा लावू."

मग मीही लावलं. चुकलं काय माझं? अहो-अहो करून घसा बसला माझा, तुमची मान काही हलेना. लेकीनं बाबा-बाबा केलं, तरी तेच. म्हटलं, संपलं, ओळखच गेली. आणि तुमचा फोन उघडला तर त्यात त्या बाईचा निरोप, तिच्याच आवाजात — थेट नावानं हाक! मी उभ्या जन्मात घेतलं नाही हो तुमचं नाव. वाजवला मात्र, सर्रकन वळलात. डोळे उघडले, तोंड उघडलं — तिथंच मी चमचा घातला. तेव्हापासून जेवताय तुम्ही. तिच्या जिवावर. रडत का होईना, जेवताय.

काल आली होती ती दारात. मी सांगितलं, ते गेले, आठवडा झाला. जिन्यात बसून रडली, मग गेली. असे बघू नका माझ्याकडे.

नाही, आज नाही लावायचा. कंटाळा आला मला त्या आवाजाचा. हे बघा — पुसला. झालं. आता घरात आवाज एकच. आ करा. अहो — वळा की इकडे. अहो! नावानं मारू का हाक? मारू? ... छे, जीभच रेटत नाही मेली.

राहा उपाशी.