‘रिकामं’ म्हटल्याशिवाय

मला दुकानात सगळे अक्का म्हणतात. वय ५६, धंदा जुने रेडिओ व अॅम्प्लिफायर दुरुस्ती, राहणार दुकानामागच्या दोन खोल्या. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

धाकटा भाऊ तात्या आणि मी एकवीस वर्षं एकाच टेबलावर काम करतो. आमच्याकडे व्हॉल्व्हची यंत्रं येतात. त्यांची पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये माणूस आडवा होईल एवढी वीज साठून राहते. म्हणून शिस्त अशी, की तात्याने पिन काढायची आणि मी लाकडी दांडीला बांधलेला रेझिस्टर लावून साठा उतरवायचा. मग तो विचारतो, "अक्का, रिकामं?" मीटरचा काटा शून्यावर असला तर मी म्हणते, "रिकामं." त्यानंतर त्याने एकच हात आत घालायचा, दुसरा खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जात नाही. यंत्राचा लोखंडी सांगाडा मी धरते.

आठ दिवसांपूर्वी गिऱ्हाइकासमोर मी त्याला म्हणाले, "चष्मा बदल बाबा, तुला काटासुद्धा दिसत नाही." गिऱ्हाईक हसलं आणि तात्याला ते झोंबलं. तेव्हापासून आमचा अबोला होता. तो विचारेना, मी सांगेना. मी दांडी खाली ठेवली की रिकामं झालं, असं तो समजत असे. या वयात दोघं तोंडं फुगवून बसलो होतो, याची आता लाज वाटते.

काल सकाळी ११.४० वाजता एका संगीत शिक्षकांचा अॅम्प्लिफायर उघडला होता. ते काउंटरच्या बाहेर उभे होते. तात्याने पिन काढली. मी रेझिस्टर लावला, तर त्याची तार तुटली. काटा ३८० व्होल्टवरून हलेना. तार जोडायला मी दांडी खाली ठेवली. तात्याने डाव्या हाताने सांगाडा धरला, कारण मी धरायला पुढे झाले नव्हते. उजवा हात आत जाऊ लागला.

मला ते दिसलं. काटा त्याला दिसत नाही, हे मला माहीत होतं. "थांब" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आधी त्याने विचारावं, असं मला वाटलं. किती वेळ गेला, असं विचारल्यावरून सांगते की, एक श्वास.

तात्या स्टुलासकट मागे पडला. छातीला कान लावला, काही ऐकू येईना. रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहिले. गाडी शिक्षकांनीच बोलावली.

शिक्षकांनी पिन परत लावली, अशी तक्रार माझ्या भावजयीने दिली आहे. ती खोटी आहे. पिन टेबलावर माझ्या कोपराशी होती. जमादार म्हणाले, "अक्का, एवढं कशाला? अपघात म्हणून लिहू." मी म्हटलं, "सांगते तसंच लिहा."

आज सकाळी सात वाजता तात्या रुग्णालयात शुद्धीवर आला. भावजय उशाशी बसली होती. त्याने मान वळवून मला शोधलं आणि विचारलं, "अक्का, रिकामं?"

मी तिच्यादेखत "नाही" म्हणाले आणि तिथून सरळ इथे आले.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. आधी त्याने विचारावं, हे वाक्य वाचताना गाळलं गेलं होतं, ते पुन्हा वाचायला लावलं. आता मजकूर बरोबर आहे.