मनगट

— खाली नका बघू साहेब, तो वरडणारा माझा बाप हाय. मोहनराव. उपरणं हलवतोय ना, त्याचा अर्थ, नळा तिरका धर. तुमी प्रदूषण मंडळाकडून ह्या चिमणीचा धूर मोजायला पहिल्यांदाच आलाव का? मग ऐका. चिमणीत घातल्याल्या ह्या नळ्याचं तोंड धुराच्या बरोब्बर समोर असलं तरच तुमच्या मीटरवर खरा वेग येतो. मनगट जरा फिरवलं की वेग पडला. वेग पडला की कागदावर धूर कमी. एवढंच हाय सगळं. बाप हेच करीत म्हातारा झाला. साखर कारखान्यानं त्याला कायम केलं ते ह्या मनगटावर — आता गुडघे गेले, शिडी चढवत न्हाई, म्हणून मला पाठवलं. कॉलेज सोडून घरी बसलतो. म्हणला, फुकट खातोस, निदान नळा तरी धर.

बाजूला सरा, चटका बसंल.

ती मागची पत्र्याची घरं दिसतात? काळी पडल्याली? काजळी हाय ती, चिमणीची. त्यातलं कडंचं घर मंगलचं, माझ्या बहिणीचं. रोज सकाळी ती लेकराची झोळी झटकायची अन् भुईवर काळं पडायचं. मागच्या हंगामात गेलं लेकरू. खोकून खोकून. केजला नेलतं. डॉक्टर म्हणला, धूर. बाप म्हणला, नजर लागली. ओट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या — नजरच! कावून? ज्याचं त्याचं पोरगं कारखान्यात, धूर कोण म्हणंल? मला रडू न्हाई आलं. अजून न्हाई आलं. अन् लेकराला माती देऊन बाप घरी आला, हातपाय धुतले — दुसऱ्या दिवशी मोजणी होती — ह्याच कठड्याला टेकून उभा राह्यला. नळा तिरका.

वरडू द्या त्याला. दमंल. आता मी सरळ धरलाय, तुमी मीटर बघा. काय आला? — लई आला ना? येणारच. लिहा की. पेन कावून थांबला?

— काय म्हणलाव? जरा फिरव?

तुमी बी?

अस्सं. म्हणजे खाली हापिसात चहा झालाय तुमचा. अन् मी येडा, तुमाला शिकवीत बसलो — न्हाई हो, राग कशाचा? राग बी न्हाई येत आता. पण मनगट फिरणार न्हाई. बापाला सांगा, पोराचा हात आखडला. त्याची नोकरी जाईल? जाऊ द्या. नजर लागली म्हणावं. खोटंच लिहायचं तर खाली पंख्याखाली बसून लिहा, त्याला एवढं चढून कशाला याया लागतं? निघा. शिडीवर बी काजळीच हाय, हात सटकतो — बघून उतरा.