शालिकरामभाऊंचा कॉम्प्युटर अन् दोनशे चौदा स्थळं

…अन् आता तुम्ही बी तेच म्हणान, की बंद करून चालू करा! सगळेच म्हणतात. त्या दोन महिन्यांत शालिकरामभाऊले हे सांगितलं नाही असा एक माणूस रिसालीत शोधून काढा, मी त्याच्या घरी पाणी भरतो. दूधवाल्यानं सांगितलं, साळ्यानं नागपूरवरून फोन करून सांगितलं, लग्नात जेवताना बाजूच्या पंगतीतल्यानं ओरडून सांगितलं… अरे बाबा, बंद करून चालू केलं की चालू होते हे त्याईलेबी मालूम आहे, पण बंद करायच्या आधी दोन घंटे बसून जे टाइप केलं, थे कुठं जाते? त्याचं कोण सांगन?

तुमाले सांगतो, माणूस साधासुधा असता तं मी बोललो नसतो. शालिकराम कापगते, मूळचे साकोलीकडचे, चौतीस वर्षं इथल्या पोलादाच्या प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सले. हॉलाएवढ्या मोटारी! मोटारीच्या आवाजावरून सांगत, की बेरिंग गेलं आहे, अन् उघडलं की बेरिंगच गेलेलं राहे. इंजिनिअर लोक नवे आले की आधी याईच्याजवळ चहा प्यायचे अन् मग मशीनजवळ जायचे. अन् असा माणूस रिटायर होऊन रिसालीत घर बांधून बसला, अन् घरातल्या टेबलावरचा एक डबा त्याले म्हणे, नाही चालत, काय करतं करून घे.

डबा कवाचा? त्याईची पोरगी समीक्षा दहावीत होती तवाचा. आज समीक्षा एकतीस वर्षांची आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सकाळी स्कूटीनं जाते अन् लोकाईचं रक्त तपासते. थे मोठी झाली, डबा म्हातारा झाला. बोलता बोलता अडकते. कवा? त्याचा नेम नाही. पत्ते खेळताना अडकन, नुसता उघडून ठेवला तरी अडकन, कधी चार दिवस लोण्यासारखा चालन अन् पाचव्या दिवशी तुम्ही 'चिरंजीव' लिहाले गेले की 'चिरं'वर थांबन. माऊस फिरवा, ठोका, हात जोडा… बाण जिथल्या तिथं.

तुम्ही म्हणान, मग फेका ना. फेकलाच असता! पण मधात आले भैय्याजी.

भैय्याजी म्हणजे आमच्या समाजाचे अध्यक्ष. प्लांटातले रिटायर्ड अधिकारी, घरातबी मीटिंगमध्ये बोलल्यासारखे बोलतात. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. गोंदियाचे, बालाघाटचे, राजनांदगावचे लोक येणार, अन् त्याची पुस्तिका छापायची. भैय्याजी दिवाळीनंतर घरी आले, सिंधुताईच्या हातचे अनारसे खाल्ले, अन् खाकरून म्हणाले, "शालिकरामजी, हे कार्य आपल्याशिवाय कोण करणार?" आता चौतीस वर्षं अधिकाऱ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी काय निघते? हो साहेब निघते. तेच निघालं. सिंधुताई स्वयंपाकघरातून पाहून राहिल्या होत्या, त्याईनं कपाळावर हात मारला, पण तवा उशीर झाला होता.

दोनशे चौदा स्थळं! नाव, गाव, शिक्षण, उंची, मामाचं आडनाव, फोटो. अन् सगळं टाइप करायचं त्या जुन्या मराठी फॉन्टात, कावून की शालिकरामभाऊले तोच एक येते. त्याची गंमत अशी, की तो फॉन्ट फक्त याच डब्यात दिसते. शंभर स्थळं झाल्यावर त्याईनं फाइल गुपचूप समीक्षाच्या लॅपटॉपवर लावून पाह्यली, तं सगळ्या उपवर पोरी प्रश्नचिन्हं अन् डॉलर झालेल्या. एका पोराच्या नावाच्या जागी नुसते चार कंस. म्हणजे पाहा, डब्यात राहावं तं डबा चालत नाही, अन् डब्यातून निघावं तं पोराईचे कंस होतात. जाता कुठं?

मग सुरू झाले इलाज. तुमाले सांगतो, पोराच्या तापाले जेवढे इलाज लोक सांगत नाहीत तेवढे या डब्याले सांगितले. कोणी म्हणे धूळ, प्लांटची लाल धूळ आतमध्ये जाऊन बसली. ब्लोअर मारला, सिंधुताईचं वाळत घातलेलं धुणं लाल झालं, अन् बाण जिथल्या तिथं. कोणी म्हणे गरम होते, डब्याचं एका बाजूचं झाकण काढा, समोर टेबलफॅन लावा. जानेवारीच्या थंडीत टेबलफॅन! शालिकरामभाऊ स्वेटर, कानटोपी घालून टाइप करून राहिले, दात वाजून राहिले, डबा मस्त हवा खाऊन राहिला. बाण जिथल्या तिथं. भैय्याजी म्हणाले, दिशा चुकली असावी, उत्तरेकडे तोंड करून पाहा. टेबल फिरवलं. आता दरवाजा अर्धाच उघडे, घरात यायचं तं आडवं होऊन यायचं. आडवे झालो सगळे, मी बी झालो. बाण? उत्तरेकडे तोंड करून जिथल्या तिथं!

शेवटी बबलू आला. बबलूचं सुपेल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, पन्नाशीचा माणूस, डोळे नेहमी अर्धे मिटलेले. त्यानं मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, विंडोज नवी टाकली, एक घंटा समोर बसला. त्या घंट्यात डबा असा चालला, असा चालला, की सांगू नका. बबलूची गाडी वळणावर गेली, अन् बाण थांबला. तीन वेळा असंच झालं. तिसऱ्यांदा बबलू डोळे पूर्ण उघडून म्हणाला, "कका, एकर उमर हो गे हे." वय झालं म्हणे याचं.

हे मात्र शालिकरामभाऊले लागलं. वय झालं म्हणजे काय? त्याईनं एक रजिस्टर सुरू केलं, अगदी प्लांटात ठेवत तसं, रेघा मारून. तारीख, वेळ, व्होल्टेज किती, कोणतं स्थळ टाइप करणं चालू होतं, घरात मिक्सर चालू होता का, अन् शेवटच्या रकान्यात संभाव्य कारण. संक्रांतीपर्यंत सदतीस कारणं झाली. सदतिसावं होतं, 'शेजाऱ्याची बोअरवेल'. शेजारी म्हणजे मी. मी काय बोलणार? दोन दिवस बोअर बंद ठेवली, हातपंपावरून पाणी आणलं. काही फरक पडला नाही.

आता ऐका, इथं खरी गोष्ट आहे. या दोनशे चौदात एक स्थळ असं होतं, जे कोणी दिलंच नव्हतं. समीक्षाचं. तिनं दोन वर्षांपूर्वी साफ सांगितलं होतं, की माझं नाव कुठंच द्यायचं नाही. कावून, थे सांगितलं नाही, अन् घरात कोणी विचारलंबी नाही. पण बापाचं मन. दोनशे तेरा लोकाईच्या पोराईले जागा देता देता त्याले वाटलं, माझीच कावून नाही? दिली घुसवून. मेळाव्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी दुपारी, सिंधुताई गच्चीवर वड्या वाळू घालून राहिल्या होत्या, अन् याईनं तिचं पान उघडलं, फोटो चिकटवला, मागंपुढं थोडं सारखं केलं…

बाण जिथल्या तिथं.

अन् तेवढ्यात फाटकात स्कूटीचा आवाज. लॅबची हाफ डे होती, हे शालिकरामभाऊ विसरूनच गेले होते. आता विचार करा त्या माणसाचा! समोर स्क्रीनभर पोरीचा फोटो, खाली तिचा बायोडाटा, अन् थे हालत नाही. मिटवता येत नाही, बाजूले सारता येत नाही. बटण दाबून बंद करावं, तं सकाळपासूनची एकोणीस स्थळं जतन केलेली नाहीत, सगळी जातात. अन् मॉनिटरचं बटण? थे तं तीन वर्षांपूर्वीच आत गेलं, तवापासून आतच आहे. पळावं, तं दरवाजा अर्धा उघडते, अन् त्या अर्ध्यातून पोरगी आडवी होऊन आत येऊन राहिली.

त्याईनं गळ्यातला दुपट्टा काढला अन् मॉनिटरवर टाकला.

समीक्षानं हेल्मेट ठेवलं. बापाकडं पाह्यलं. मॉनिटरकडं पाह्यलं. थंडीत बापाच्या कपाळावर घाम, टेबलफॅन चालू, अन् कॉम्प्युटरले दुपट्टा पांघरलेला. विचारलं, की याले थंडी वाजून राहिली का? शालिकरामभाऊ म्हणाले, धूळ बसते. तिनं दुपट्टा उचलला.

अन् वाचलं. उभ्यानंच, सगळं, हळूहळू. वय एकोणतीस. वर्ण गोरा. स्वभाव शांत, मनमिळाऊ. छंद स्वयंपाक. मी तुमाले खरं सांगतो, त्या पोरीनं आयुष्यात एकदा कुकर लावला होता, तोबी पाणी न टाकता. शालिकरामभाऊ खुर्चीत बसून. माणूसबी त्या बाणासारखाच झाला. त्याईले वाटलं, आता ओरडन. पण थे ओरडली नाही. टेबलावरचं रजिस्टर उचललं, पानं उलटली, अन् म्हणाली, "बाबा, ये मशीन क्यों रुकती है, याची तुमी सदतीस कारणं लिहून ठेवली. मी कावून नाही म्हणते, हे एकदा तरी विचारलं का मले?"

शालिकरामभाऊ मले मग म्हणाले, की चौतीस वर्षांत एकही साहेब एवढं खरं बोलला नव्हता. त्याईनं विचारलं, "कावून?"

तवा तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बालाघाटचे लोक पाहाले आले होते. आत्यानं ऐन वेळी तिचा चष्मा काढून घेतला, की फोटोत अन् पाहण्यात चष्मा नको. अन् हिचा नंबर साडेसहा. चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली तं चार ढग बसून होते. कोणत्या ढगाले नवरदेव समजून चहा द्यायचा? तिनं दिला थो मुलाच्या काकानं घेतला. त्या लोकाईनं होकार कळवला होता, नाही हिनं म्हटलं. सगळे म्हणाले, काय कमी होतं पोरात? "मले काय मालूम बाबा," थे म्हणाली, "मले त्याचा चेहराच नाही दिसला." अन् स्क्रीनवरचा फोटो पाहा म्हणाली. तोबी बिनचष्म्याचा. ह्या पोरीले मी ओळखत नाही, म्हणे.

शालिकरामभाऊनं हात लांब केला अन् स्वतः मेन बटण बंद केलं. एकोणीस स्थळं गेली. सकाळ गेली.

मग समीक्षा चष्मा पुसत म्हणाली, की प्लांटात मोटार बंद पडली तं तुमी बबलूले बोलवत होते का? काय करत होते? उघडून पाहत होतो, शालिकरामभाऊ म्हणाले. मग उघडा ना. अन् तुमाले सांगतो, त्या दिवसापर्यंत या माणसानं त्या डब्यात स्वतः मान घालून पाह्यलंच नव्हतं! कॉम्प्युटर म्हणजे पोराईचं काम, बबलूचं काम, असं समजून बाहेरूनच रजिस्टर भरून राहिले होते. पेचकस आला, उरलेलं झाकणबी निघालं. समीक्षानं टॉर्च धरला. आणि तिलेच दिसलं, आतल्या पाटीवर बोटाच्या पेराएवढे काही डबे उभे होते, त्यातल्या पाचांची डोकी फुगून आली होती, कढईतल्या पुरीसारखी. "बाबा, हे असेच राहतात का?"

कपॅसिटर! फुगला म्हणजे गेला! शालिकरामभाऊनं कपाळ धरलं. माणसाच्या उंचीचे कपॅसिटर बदललेला माणूस, अन् पेराएवढे पाच दिसले नाहीत. बबलूच्या दुकानातून तसेच पाच आणले, हातानं झाळून बसवले. समीक्षानं टॉर्च हालू दिला नाही. चालू केलं. बाण हालला. दुसऱ्या दिवशी हालला, तिसऱ्या दिवशी हालला. एकोणीस स्थळं दोघांनी मिळून पुन्हा टाइप केली, थे वाचे, हे टाइप करत.

अन् समीक्षाचं पान? त्याईनं काढाले घेतलं होतं. थे म्हणाली, राहू द्या, मी सांगते तसं लिहा. वय एकतीस. चष्मा आहे, नंबर साडेसहा. स्वयंपाक येत नाही. राग लवकर येते, लवकर जाते. रविवारी दहापर्यंत उठवू नये. पाहाले येणाऱ्यानं उजेडात बसावं. फोटो लॅबमधला, पांढरा कोट अन् चष्मा. प्रूफ पाहून भैय्याजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण छपाईले दोन दिवस होते अन् दुसरा टाइप करणारा नव्हता.

मेळाव्यात मी होतो ना! मंडपात दोनशे चौदातलं एकच पान लोक वाचून राहिले होते. चार पोरी अन् दोन पोरं तिले येऊन भेटली. नंतर फोन आले तीन. दोघाईचं काही नाही, तिसरा राजनांदगावचा, त्याच्याशी व्हिडिओवर बोलणं अजून चालू आहे, चष्मा लावून. पुढचं मले मालूम नाही, अन् शालिकरामभाऊबी आता 'विचारू का' असं विचारूनच विचारतात.

पण त्याच मेळाव्यात शेवटी भैय्याजी माइकजवळ गेले. खाकरले. म्हणाले, समाजानं काळासोबत चालले पाहिजे. पुढच्या वर्षीपासून ठरलेला नमुना बंद. प्रत्येक मुलानं, प्रत्येक मुलीनं स्वतःबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहावं, शब्दांची मर्यादा नाही, कितीही लिहा. टाळ्या! अन् टंकलेखन, भैय्याजी म्हणाले, आपले शालिकरामजीच करतील.

आतापर्यंत तीनशे चाळीस आले आहेत. एका पोरानं स्वतःबद्दल अकरा पानं लिहिली, दोन्हीकडून. शालिकरामभाऊ सकाळी बसतात थे संध्याकाळी उठतात, अन् मधातून कधी हात थांबवून, आशेनं, माऊस जरासा हालवून पाहतात…

हालते ना जी. हालतेच.