पोटातली लाथ

(१९९७. मंगळवार पेठेत, एके काळच्या गायिका-नटी शालूबाई यांच्या घरी. दुपार.)

शालूबाई : थांब थांब. 'विझू नको रे दिव्या' म्हनलीस आन् मधीच का अडलीस गं?

शिवानी : तुम्ही अडता ना तिथं. कॅसेटमध्ये.

शालूबाई : कसली कॅसेट?

शिवानी : तुमच्या नाटकाच्या नेसरी गावातल्या प्रयोगाची. तुम्ही केलेल्या राणीची सगळी पदं आहेत तिच्यात. दवाखान्यातली ड्यूटी संपली की टेपपुढंच बसते. रिवाइंड करून करून फीत ताणली, तर बाबांनी दुसरी भरून आणली. आमच्या घरी भीमगीतं. नाटकातली पदं कुणाला माहीत? पण आता बाबाबी शिरोलीला फौंड्रीत राणीचं पद गुणगुणतात.

शालूबाई : आन् शिकवलं कुनी?

शिवानी : तुम्हीच की.

शालूबाई : मी? तुझं तोंड आज बघितलं मी!

शिवानी : रविवारी आमच्या मंडळाचा त्याच नाटकाचा प्रयोग आहे, मी राणी करतेय. दिग्दर्शक अमरसिंह सर म्हणतात, लोकांच्या कानात शालूबाई बसल्यात. तसंच्या तसं गायचं, नाहीतर राणी दुसरीला देतो. म्हणून आले. कुठं चुकतंय ते सांगा.

शालूबाई : चुकतंय कुठं? हरकत माझी, मुरकी माझी. अंगावर काटा आला बघ. पर ती अडायची जागा न्हवं पोरी.

शिवानी : मला वाटलं, दिवा लावून वाट बघणाऱ्या राणीला लांबून घोड्याच्या टापा ऐकू येतात, म्हणून ती श्वास धरते. तेवढंच जमवायला किती दिवस गेले!

शालूबाई : अगं कसल्या टापा! सातवा म्हैना हुता मला. पोरीनं पोटात लाथ हाणली!

शिवानी : अगं बाई!

शालूबाई : पेटीवाल्या ज्ञानूनं सूर धरून ठेवला म्हनून निभावलं. लोकांनी वर टाळ्या वाजवल्या.

शिवानी : मग काढून टाकू?

शालूबाई : काढतीस कशाला? एवढे प्रयोग केले, मला एकदाबी टापा ऐकू आल्या न्हाईत. ती जागा तुझी हाय. ऱ्हाऊ दे.

शिवानी : आणि बाकीचं?

शालूबाई : बाकीचंबी असंच तुझं तू शोध. आता टेप बंद कर आन् राणीचं ऐक.

शिवानी : सर चिडतील.

शालूबाई : म्हनावं, शालूबाईनं सांगितलंय. मी येनारच हाय रविवारी.

शिवानी : तुम्ही? लोक म्हणतात, आवाज गेल्यापासून तुम्ही थेटरची पायरी चढला नाही.

शालूबाई : न्हाईच चढले. म्हन तू पुढं. कोन येतंय घोड्यावरनं, मलाबी बघायचंय.