हजार वर्षांची नळी

नाई नाई साहेब, नळी हारपली नाई, हे काय, डब्बीत आहे — तुम्ही बसा न, पुण्याहून आले, आमच्या आंजी गावचं ऊन खाऊन आले, पयले पाणी प्या. मेघा म्हणे, आई, माह्या लॅबचे साहेब येतीन, त्यायच्याच हातात देजो. तेच न तुम्ही? — हे पाहा, नखाएवढी नळी. पोट्टीनं उन्हाळाभर घरी ठेवाले देल्ती. फ्रीजमंदी नाई, फळीवर — शेहेचाळीस डिग्रीत टिकते का पाहाले. टिकली न! — अं? आत पांढरं काय? साखर आहे. चार दाणे. आता कोणाचं भांडं रिकामं वापस देते का कोणी? आमच्याइकडं नाई देत. धुतलं, पुसलं, साखर टाकली —

धुतली म्हणजे... जराशी. कडक पाण्यानं. आतून काडीनं. असे काऊन पाहून राह्यले? रिकामीच तं दिसे! मेघानं सांगतलं होतं म्हणा — आई, यात तुहा आवाज आहे, डीएनएमंदी लिहून वाळवला, हजार वर्ष टिकते. हो, मले मालूम होतं. आता तुमच्यापासून काय लपवू? हजार वर्ष म्हटलं न तिनं, तिथंच वांधा झाला. रेकार्डिंग करताना "मनातलं बोल आई" म्हणे, तं मी बोलली. अर्धा घंटा. सारं माह्या जाऊबाईवर, कौशल्याबाईवर — तिचं वरण, तिचा तोरा, तिनं माह्या लग्नात... जाऊ द्या. अन् मंग मार्चात माहं आपरेशन झालं, तं दवाखान्यात आठ दिवस माह्या उशाशी कोण बसलं? तेच बाई! माही वेणी घाले, माहं तोंड पुसे. अन् मेघा म्हणते, विहारात साऱ्या गावाले ऐकवीन, मोठी आई — म्हणजे हेच कौशल्याबाई — पयल्या रांगेत बसन! काय करू मी? पोट्टीची वर्षाची मेहनत होती, समजते मले. पयले रडली, मंग धुतली.

काऊन हासून राह्यले? — काय? पुण्यात? अशाच अजून नळ्या? सारं तेच बोलणं? — किती?

नऊ!

...चहा प्या साहेब, अन् निघा. जाताना दार लोटून घेजा. मी चालली कौशल्याबाईकडं — तुमची मशीन बोलाच्या अंधी मीच सांगतो तिले.